हात पोचेल तेवढी जहागीर

संस्थेत कुणी नवा पाहुणा आला की थोडं इकडचं तिकडचं बोलून, मग आवाज खाली आणून तो अण्णांना एक प्रश्न विचारायचाच. "तुमच्या घरी आहे का हो कुणी... असं?" 'असं' म्हणजे अपंग. शब्द उच्चारायला लोकांना जड जायचं, पण उत्तरासाठी कान टवकारलेले असायचे. अण्णा प्रत्येकाला वेगळं उत्तर देत. एकाला सांगितलं, थोरला भाऊ आंधळा होता. बँकेतून आलेल्या एका बाईंना सांगितलं, बायकोला ऐकू येत नव्हतं आणि म्हणूनच संसार सुखाचा झाला. एका तरुण पाहुण्याला तर, मुलगी चाकाच्या खुर्चीत असते, असं सांगून त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं. अण्णांना मुलगीच नव्हती. एक मुलगा होता, तो धडधाकट होता आणि कॅनडात होता.

या थापांबद्दल मी एकदा त्यांना चांगलं धारेवर धरलं. ते म्हणाले, "अगं अक्का, खरं सांगितलं तर त्यांचं तोंड पडतं. कारखाना विकला, घरी बसून कंटाळा आला, हात शिवशिवत होते. एवढंच कारण आहे. पण एवढ्याशा कारणावर कुणी चेक फाडत नाही बघ. मग देतो काहीतरी रडकं."

मी त्यांच्या मुलाच्या वयाची, तरी त्यांच्या लेखी मी अक्काच होते. इथे सगळ्याच बायका अक्का असतात. मी नवऱ्याच्या बदलीमागून पुण्याहून बंगळुरात आलेली. अण्णा मात्र इथे मराठ्यांची जहागीर होती तेव्हा आलेल्या घराण्यातले. राजाजीनगरात राहायचे. त्यांची मराठी घरात टिकलेली, पण इतक्या पिढ्यांत तिच्यात कन्नड असं मुरलेलं, की पहिल्या आठवड्यात मला अर्धं बोलणं अंदाजाने समजून घ्यावं लागलं. थोडं म्हणजे स्वल्प, बरं म्हणजे सरी, नको म्हणजे बेडा. "आमची मराठी तुमच्या पुण्यात नेली तर नळाखाली धरून धुतील," असं ते स्वतःच म्हणायचे. नंतर नंतर मीच घरी नवऱ्याला 'स्वल्प थांब' म्हणायला लागले.

आमची संस्था म्हणजे पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत, गिअर कापणाऱ्या एका कारखान्याच्या पाठीमागे भाड्याने घेतलेली पत्र्याची शेड. काम असं, की अपंगांना नोकरी शोधून द्यायची नाही, स्वतःचा धंदा उभा करून द्यायचा. कागदोपत्री आम्ही 'दिव्यांग' लिहायचो, बोलताना 'अपंग' म्हणायचो. अण्णा दोन्ही शब्द वापरत नसत. समोर आलेल्या माणसाला काय झालंय, कधी झालं, कशाने झालं, यातलं काही विचारत नसत. त्यांचा एकच प्रश्न असे, "हात कुठवर पोचतो?"

शेडची एक लांब भिंत त्यांनी काळी रंगवून घेतली होती. नवा माणूस आला की त्याला त्या भिंतीशी बसवायचं, खुर्चीत बसणारा असेल तर खुर्चीत, जमिनीवर बसणारा असेल तर जमिनीवर. हातात खडू द्यायचा आणि म्हणायचं, जिथवर हात पोचतो तिथवर रेघ ओढ. भिंतीवर एक कमान उमटायची. कुणाची मोठी, कुणाची एका बाजूला झुकलेली, कुणाची अगदी परातीएवढी. त्या कमानीला अण्णा 'जहागीर' म्हणत. "ही तुझी जहागीर. दुकान हिच्या आत मावलं पाहिजे. बाहेर एक टाचणीसुद्धा ठेवायची नाही." मग त्या कमानीच्या मापाने ते फळ्या, दांड्या, कप्पे, कोपराने दाबायची बटणं असं सगळं स्वतः कापून, वेल्डिंग करून बनवायचे. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका बाईचं चहाचं दुकान त्यांनी असं मांडून दिलं होतं, की तिथे पाण्याचा पेला उचलायलाही तिला चाचपडावं लागत नसे. माणसापेक्षा त्यांचा जीव स्क्रूवर जास्त होता असं मला पुष्कळदा वाटलं आहे. पण तो स्क्रू कधी ढिला निघाला नाही हेही खरं.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, पीण्यात सगळ्या शेडना केळीचे खांब लागतात. यंत्रं धुऊन पुसून त्यांना गंध-फुलं वाहतात, आणि रस्ताभर कुंकू भरलेले कोहळे फोडून ठेवतात, दुसऱ्या दिवशी दुचाकीवाले त्यावरून घसरतात. आमच्याकडेही ड्रिल, ग्राइंडर, शिलाईची यंत्रं ओळीने मांडून पूजा व्हायची. एका वर्षी मिक्सरदुरुस्ती शिकायला आलेल्या गृहस्थांनी भक्तिभावाने आपल्या कुबड्याही त्या ओळीत ठेवल्या. अण्णा पूजा सोडून ओरडले, "त्या उचल आधी! ते हत्यार नाही, तो पाय आहे तुझा. पायाची पूजा करून घ्यायला तू काय मठाचा स्वामी लागून गेलास?" सगळी शेड हसली, सगळ्यांत जास्त ते कुबडीवाले गृहस्थच हसले. अण्णांनी स्वतःचं हत्यार म्हणून खडूचा तुकडा ठेवला होता. कुंकवाने तो गुलाबी झाला, आणि पुढे कितीतरी दिवस नव्या लोकांच्या जहागिरी गुलाबी निघत होत्या.

पण ते गोड माणूस होते अशी कुणाची समजूत व्हायला नको. एका कंपनीचे लोक एकसारखे टी-शर्ट घालून शेड बघायला आले होते. त्यांच्यातल्या एका मॅनेजरबाईंनी आमच्या एका मुलीने शिवलेली पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "वंडरफुल! सो ब्यूटिफुल!" अण्णांनी पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली, उलटी केली आणि वाकडी गेलेली शिवण त्यांच्या नाकासमोर धरली. "मॅडम, ही शिवण तुमच्या शिंप्याने घातली असती तर तुम्ही त्याला ब्यूटिफुल म्हणाला असता काय?" बाई लाल झाल्या. अण्णांनी पिशवी त्या मुलीपुढे टाकली आणि सगळ्यांदेखत उसवायला लावली. मुलगी रडत रडत टाके काढत होती आणि टी-शर्टवाले आपापल्या फोनमध्ये बघत उभे होते.

त्या दिवशी मी अण्णांशी बोलले नाही. संध्याकाळी तेच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "दयेचं गिऱ्हाईक एकदाच येतं, अक्का. घरी जाऊन पिशवी माळ्यावर टाकतं. तिला दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक पाहिजे." मी म्हटलं, हे तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. ते म्हणाले, "सरी. ते चुकलं." आणि पुढच्या पाहुण्यांच्या वेळी पुन्हा तेच केलं.

आमची सगळी दुकानं चालली असं नाही. खरं सांगायचं तर बरीच बंद पडली. अहवाल मीच लिहायचे, त्यात उभ्या राहिलेल्या दुकानांची पानं असायची, बसलेल्यांची नसायची. कुणाचं यंत्र बहिणीच्या लग्नात विकलं गेलं. कुणाच्या दारापुढचा रस्ता मेट्रोने खणला तो खणलाच. पण सगळ्यांत जास्त दुकानं गेली ती घरच्यांच्या मदतीने. ते कसं होतं हे आम्हाला पाठ झालं होतं. दुकान चार पैसे देऊ लागलं की भाऊ म्हणतो, तू दमतेस, मी बसतो स्वल्प वेळ. मग भाऊ रोज बसतो. मग गल्ल्याची किल्ली भावाकडे जाते, पाटीवर भावाच्या मुलाचं नाव येतं, आणि जिचं दुकान ती आतल्या खोलीत मटार सोलत असते. कुणी वाईट नसतं यात. सगळे मायेने करतात, म्हणून तर भांडताही येत नाही.

असं दुकान बंद पडलं किंवा हातचं गेलं, की अण्णा स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथे जायचे आणि आपण बसवलेल्या फळ्या नि दांड्या काढून आणायचे, पुढच्या कुणाला तरी होतील म्हणून. गोणपाटाच्या पोत्यात ते सगळं भरून बसने यायचे. कंडक्टरशी पोत्याच्या तिकिटावरून हुज्जत घालायचे. शेडमध्ये आले की पोतं कोपऱ्यात टेकवून स्टुलावर बराच वेळ नुसते बसून राहायचे. तेव्हा त्यांचं वय दिसायचं. आता माझीही या कामात इतकी वर्षं गेली आहेत की ते नुसतं बसणं मला नीट कळतं. तेव्हा मला वाटायचं, म्हातारा रुसला.

या सगळ्यामुळे त्यांनी एक नियम केला होता आणि त्यावर ते अडून बसत. जहागिरीच्या आत दुसऱ्याचा हात येता कामा नये. आईचा नाही, बापाचा नाही, भावाचा तर मुळीच नाही.

गिरिजा आली तेव्हा तिलाही त्यांनी हेच ऐकवलं. येलहंक्याच्या जुन्या पेठेतलं घर, घरात पिढ्यान्‌पिढ्यांचं शिवणकाम, आमच्यासारखीच घरात मराठी आणि दारात कन्नड. वय पंचविशीच्या आतबाहेर. शाळेत असताना पाय लुळे पडत गेले, आता चाकाची खुर्ची. वडील शिंपीकाम करायचे, पण डोळे अधू झाले होते. धाकटा भाऊ देवनहळ्ळीच्या विमानतळावर टॅक्सी चालवायचा. तिथल्या रांगेत तासन्‌तास भाड्याची वाट बघण्याला कंटाळला होता आणि घरी बसायची कारणं शोधत होता. गिरिजाला साड्यांना फॉल-पिको करायचं आणि मॅचिंगचं दुकान काढायचं होतं. वडील तिच्याबरोबर आले होते आणि सगळी उत्तरं तेच देत होते. अण्णांनी त्यांना बाहेर चहा प्यायला पाठवलं.

खडू हातात घेऊन गिरिजाने जी कमान ओढली ती एका झटक्यात, ब्लाउजचा मुंढा आखावा तशी सफाईने. भिंतीवरच्या सगळ्या कमानींत ती मोठी होती. अण्णा मागे सरून बघत राहिले. "काय जहागीर आहे ग तुझी!" ते म्हणाले. मी त्यांना कुणाचं एवढं कौतुक करताना पहिल्यांदाच ऐकलं.

ते दुकान म्हणजे अण्णांचं सगळ्यांत देखणं काम. घराची रस्त्याकडची खोली, मध्ये गिरिजाची खुर्ची, भोवती अर्धवर्तुळात फळ्या. फॉलच्या गुंडाळ्या दांड्यांवर रंगांच्या क्रमाने लावलेल्या, वर लेस आणि गोंडे, खाली बटणं, हुक, अस्तरं. पिकोच्या यंत्राला पायाऐवजी कोपराने चालणारी कळ. आणि दाराशी एक आडवी लाकडी दांडी. "इथून आत कुणी यायचं नाही," अण्णांनी तिच्या वडिलांना आणि भावाला उभं करून सांगितलं. भाऊ हसला. अण्णा हसले नाहीत.

दुकान चाललं. येलहंक्यातल्या बायका तर यायच्याच, पण पलीकडच्या नव्या इमारतींतल्या बायकाही साड्या घेऊन यायला लागल्या. गिरिजाला रंग असे कळायचे, की साडी पिशवीतून पुरती बाहेर यायच्या आत तिचा हात त्या गुंडाळीवर गेलेला असायचा. तिची जीभही तिखट होती. घासाघीस करणाऱ्या बाईला ती म्हणायची, "अक्का, साडीला एवढे मोजलेत, तेव्हा तोंड उघडलं नाहीत वाटतं." अण्णांना ते फार आवडायचं. ते महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून तिकडे जाऊन यायचे.

एकदा परत आल्यावर वरच्या फळीवर धूळ होती म्हणाले. पुढच्या खेपेला वरचे गोंडे खालच्या कप्प्यात कोंबलेले दिसले. अण्णा शेडमध्ये येऊन थेट काळ्या भिंतीशी गेले आणि टेप लावून गिरिजाची कमान पुन्हा मोजू लागले. "माझं माप चुकलं, अक्का. फळी वर बसली." मी म्हटलं, आधी तर पोचत होता की तिचा हात. त्यांना ते ऐकू आलं नाही. आपण चुकलो या विचाराने ते इतके हैराण झाले होते, की दुसऱ्याच दिवशी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले, तिची माफी मागितली आणि फळ्या चार बोटं आत घेऊन आले. तिने घेऊ दिल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा आत घ्याव्या लागल्या.

तिसऱ्या वेळी मी बरोबर होते. अण्णांनी खिशातून खडू काढून तिच्यापुढे धरला. "इथल्याच भिंतीवर ओढ. या वेळी मी नीट बघतो." दुपारची वेळ, दुकानात आम्ही तिघंच होतो. गिरिजाने खडू घेतला, हात उचलला, आणि तो खांद्याच्या वर जाईना. तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार देऊन ढकलून पाहिलं. रेघ थोडी वर चढली आणि खाली घसरली. तिने खडू मांडीवर ठेवला.

"तुमचं माप बरोबर होतं, अण्णा," ती म्हणाली. "डॉक्टरनी तेव्हाच सांगितलं होतं. स्नायू झिजतात. आधी पाय, मग हात. सावकाश जातात, पण जातात."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर हे दुकान दिलं असतं मला?"

अण्णांनी विचार केला. दुसरं कुणी असतं तर खोटं बोललं असतं, मीही बोलले असते. ते म्हणाले, "नाही. पाकिटं चिकटवायचं काहीतरी दिलं असतं."

"म्हणूनच."

अण्णांनी लगेच हातपाय गाळले नाहीत. खाली बसून जमिनीवरच खडूने आखू लागले. पिको बंद करायचं, लेस काढून टाकायची, नुसती बटणं आणि हुक ठेवायचे, सगळं हाताशी एका टेबलावर. गिरिजा ऐकत होती. मग म्हणाली, "आणखी किती लहान करणार अण्णा? उद्या बोटंच राहतील, मग काय विकू? मला माणूस ठेवायचाय. पगारी."

"बेडा! दुसऱ्याचा हात आत आला की दुकान गेलं. मी बघितलंय. उद्या तुझा भाऊ येऊन बसेल."

"तो आजही विचारतो. म्हणतो, अक्का, तू आत आराम कर."

"मग?"

"मग काय? तुमच्या कारखान्यात लेथवर तुम्ही बसत होता काय, अण्णा? वेल्डिंग तुम्ही करत होता?"

"मी मालक होतो. माणसं होती माझ्याकडे."

"तुम्ही हात न लावता कारखाना चालवलात तर तुम्ही मालक. मी हात न लावता दुकान चालवलं तर मी बिचारी. असं का?"

आम्ही इतकी वर्षं स्वतःच्या पायावर उभं राहणं, स्वतःच्या हातांनी कमावणं असली भाषा पत्रकांवर छापत होतो. या मुलीने एका प्रश्नात आमचं दुकान उघडं पाडलं. येताना बसमध्ये अण्णा खिडकीबाहेर बघत बसले होते. जक्कूरचा थांबा गेल्यावर एकदम म्हणाले, "पण भाऊ बसेल, अक्का. ती मनाची हळवी आहे. त्याला नाही म्हणायचं तिच्याने होणार नाही." भीती त्यांची खरी होती, हे मलाही माहीत होतं.

त्यावर त्यांनी जो तोडगा काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकतो. पुढच्या सोमवारी सकाळी ते येलहंक्याला गेले, दाराची दांडी उचलून आत शिरले, आणि गिरिजाला म्हणाले, "सरी. ठेव माणूस. मी आलोय नोकरीला. पगार सांग." म्हणजे दुसऱ्याचा हात आत यायचाच असेल तर तो आपलाच असलेला बरा, हा त्यांचा हिशेब. राजाजीनगरहून दोन बस बदलून ते रोज तिथे जाऊ लागले. शेडमधली कामं खोळंबली, माझ्या डोक्याला ताप झाला, पण त्यांना सांगणार कोण?

मी एकदा बघायला गेले. गिरिजा यंत्राशी बसलेली, अण्णा दांड्यांशी उभे. "अण्णा, अंजिरी द्या." अण्णांनी काढून दिलं. "हा मरून आहे. त्याच्या खालचा. त्याच्याही खालचा. अहो अंजिरी म्हटलं मी, जांभळा कशाला काढताय?" आयुष्यभर लोखंड हाताळलेल्या माणसाला रंग तीन-चारच ठाऊक होते. त्यांच्या मते लाल तो लाल. हात थोडे थरथरायला लागले होते, गुंडाळी सुटून जमिनीवर पळायची आणि तिच्यामागे अण्णा. आलेल्या बायका आता गिरिजाची कीव करायची सोडून अण्णांची करत होत्या. "अय्यो पाप, बिचारे, या वयात काम करावं लागतंय," असं एक बाई माझ्यासमोर म्हणाली. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दयेच्या गिऱ्हाइकाविरुद्ध जन्मभर लढलेला माणूस, आणि आता दया त्यांच्याच अंगावर येऊन पडत होती. मला हसू आवरेना. गिरिजा मात्र हसत नव्हती. ती दमलेली दिसत होती, आणि तिची नजर रस्त्यावरून न वळता पुढे निघून जाणाऱ्या बायकांवर होती.

मग मुहूर्ताच्या साडीचं प्रकरण झालं. लग्न तोंडावर आलेल्या एका मुलीची भारी लाल साडी फॉलला आली होती. गिरिजा जेवायला आत गेली असताना अण्णांनी तिला न विचारता दांडीवरून फॉल काढला आणि शेजारणीकडून टाके घालूनही घेतले. काठाखालून मरून पट्टी लांबूनसुद्धा दिसत होती. मुलीची आई संतापली. एवढ्यावर निभावलं असतं. पण अण्णा तिला म्हणाले, "साडीची खालची बाजू कोण बघतं? लग्नात लोक तोंड बघतात." बाई साडी उचलून निघाली. गिरिजाने खुर्ची रस्त्यापर्यंत आणून तिला थांबवलं, जोडलेले हात वर जाईनात म्हणून नुसती मान लववून माफी मागितली, आणि संध्याकाळपर्यंत नवा फॉल लावून द्यायचं कबूल केलं.

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. अण्णा कामाच्या वेळेला येलहंक्याऐवजी शेडमध्ये येऊन माझ्यासमोर बसले होते. मी विचारलं, आज सुट्टी का? तर म्हणाले, "मला काढलं."

"म्हणजे?"

"कामावरून काढलं. काल साडी देऊन झाल्यावर म्हणाली, अण्णा, उद्यापासून येऊ नका. महिन्याचा पगार पुढे केला. मी म्हटलं, स्वल्प शिकतो मी रंग. म्हणाली, नाही अण्णा, गिऱ्हाइकाला उलट बोललात, ते चालणार नाही."

माझं डोकं फिरलं. तिथल्या तिथे मी गिरिजाला फोन लावला. ज्या माणसाने तुला दुकान उभं करून दिलं, या वयात दोन बस बदलून जो रोज आला, त्याला तू असं घालवतेस? मी बरंच बोलले. मग ती म्हणाली, "अक्का, मला बरं वाटलं असेल असं वाटतं तुम्हाला? काल रात्री जेवण गेलं नाही मला. पण त्या बाईसारखी आणखी दोन गिऱ्हाइकं दुखावून गेली तर मी काय करू? अण्णांना शेड आहे. मला हे एवढंच आहे." आता कोण बसणार, असं मी विचारलं. म्हणाली, "मागच्या गल्लीतल्या मंगळम्मा. शिवणकाम येतं त्यांना. आज आल्यात." मी फोन ठेवला. ते दुकान अजून चालू आहे, आणि मंगळम्माही तिथेच आहेत.

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. "मिळालं का कुणी तिला?"

"मिळाल्यात एक बाई."

"रंग कळतात?"

"कळतात म्हणे."

"सरी." त्यांनी पाणी मागितलं, सावकाश प्यायले आणि पेला टेबलावर ठेवला. थकवा त्यांच्या सगळ्या अंगावर दिसत होता. पलीकडे ड्रिल चालू होतं, कुणीतरी हातोडी मारत होतं. मला त्यांची समजूत घालायची होती. तिने तुम्हाला असं म्हणायला नको होतं, एवढंच मी म्हणाले.

"असं कसं?" ते म्हणाले. "मी तिच्या तोंडाकडे बघत होतो ना. डोळे भरले होते, पण बोलताना अडली नाही. मला काढू शकली, अक्का. म्हणजे आता भावालाही काढू शकेल."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले आणि त्या गोंगाटात खुर्चीतच घोरायला लागले.